सरकीची टाच

ससा बसला की त्याचं बहुतेक ओझं मागच्या दोन टाचांवर येतं. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं. मी जळगावात राहते, घरच्या घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माझा सगळा अभ्यास माणसांच्या खांद्यांचा आणि बाह्यांचा. सशाच्या पायाशी माझा संबंध यावा असं काही पत्रिकेत नव्हतं.

ससा आणला माझ्या मुलीने, तेजूने. बारावीत असताना मैत्रिणीकडून एक पिल्लू घेऊन आली आणि मला न विचारता शिलाई मशीनखाली ठेवलं. पांढरं अंग आणि पाठीवर कापसातल्या बियांसारखे काळसर ठिपके, म्हणून ह्यांनी तिचं नाव ठेवलं सरकी. मी पहिले आठ दिवस कुरकुर केली. पुढे तेजू फार्मसीला शिरपूरला गेली, हॉस्टेलवर राहू लागली, आणि सरकी माझ्याकडे राहिली. तेव्हापासून मशीनच्या पायडलजवळ बसून ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याशी गिऱ्हाइकांबद्दल बोलते. ती कुठे सांगत नाही.

हे लिहिते आहे ते सशाच्या टाचेला जखम झाली की घरात काय काय होतं त्याबद्दल. औषधांची नावं लिहिणार नाही. ती तुमच्या डॉक्टरांनी सांगावीत.

कळलं तो दिवस

एप्रिलची सुरुवात होती. गुढीपाडव्याला तेजू येऊन गेली होती. एक दिवस कापड बेतताना खडू खाली पडला म्हणून मी वाकले, तर सरकी जरा विचित्र बसलेली दिसली. डावा पाय किंचित पुढे, पंजा वर, जसं आपण गरम फरशीवर अनवाणी उभं राहिलो की करतो तसं. मी तिला उचलून मांडीवर उताणी घेतली. डाव्या टाचेखालचे केस गेले होते. तिथे हरभऱ्याच्या दाण्याएवढी लाल, ओलसर जागा होती. उजव्या टाचेचे केसही विरळ झाले होते, पण कातडी शाबूत होती.

मला वाटलं काहीतरी टोचलं असेल. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवला, हळद आणि खोबरेल तेल लावलं आणि सोडून दिलं. घरात कोणालाही काही झालं की आमच्याकडे हेच होतं. दोन दिवसांनी पाहिलं तर हळदीने बाकीचे केस चिकटून गठ्ठा झाला होता आणि जखम मोठी झाली होती.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस होता. म्हणाले, मी गायी-म्हशींचा डॉक्टर, सशावर उगाच प्रयोग नको करायला. धुळ्यात एक बाई फक्त घरातल्या लहान प्राण्यांना बघतात, तिकडे जा. पत्ता त्यांनीच लिहून दिला.

धुळे

सकाळच्या पहिल्या एसटीने गेले, ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून. सरकी जाळीच्या टोपलीत टॉवेलावर बसली होती. पारोळ्यापर्यंत तिने एकदाही डोकं वर केलं नाही, आणि मी पदराने तिला वारा घालत होते. शेजारच्या बाईने विचारलं, ससा आजारी का. मी हो म्हटलं. त्यावर तिने पदराखालून स्वतःची पाण्याची बाटली काढून टोपलीला टेकवून ठेवली, गार होती म्हणून. नाव विचारायचं राहून गेलं.

डॉक्टर मॅडम तेजूपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांचा मदतनीस मात्र साठीचा, धुळ्याजवळच्या खेड्यातला, सगळे त्याला आबा म्हणत होते. मॅडमनी पायाला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. कशावर बसते, काय खाते, पळते का. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. आमच्याकडे ऊन फार, म्हणून फरशीवर गोणपाट भिजवून टाकते, ते वाळलं की पुन्हा भिजवते, दिवसभर ती त्याच्यावरच पडून असते, पळणार कुठे. आणि खायला केळी. माझा भाऊ असोद्याला असतो, त्याची केळीची बाग आहे, दर आठवड्याला फणी घेऊन येतो. रोज दोन केळी खाते, कधी तीन.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिचे फार लाड केले."

त्यांनी सरकीला वजनकाट्यावर ठेवलं. पावणेतीन किलो भरली. तिच्या हाडापेराच्या सशाला हे फार होतं. मग त्यांनी उजवा, बरा असलेला पाय मला हातात धरायला लावला आणि म्हणाल्या, टाचेखाली बोट फिरवा. मी फिरवलं. मांजराच्या पंजाला खाली मऊ गादी असते तशी इथे काहीच नव्हती. दाट केस, आणि केसांखाली लगेच पातळ कातडी, तिच्याखाली हाड. म्हणजे सशाची चप्पल म्हणजे त्याचे केस. ते ओल्या गोणपाटावर दिवसभर भिजले की त्यांचे झुपके होतात, फटी पडतात आणि कातडी सरळ जमिनीला लागते. वर केळ्यांचं वजन. त्यात मी नखं कधी कापली नव्हती. नखं वाढली की बोटं वर उचलली जातात आणि ओझं आणखी मागे, टाचेवर जातं.

मी इतकी वर्षं मापं घेते, पण एखादं शरीर असं उभं असतं हे कोणी मला इतकं स्वच्छ समजावून दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, आणि ती नंतर वाटलीही. पण पहिल्यांदा वाटलं ते कुतूहल. मी डाव्या आणि उजव्या पायाकडे आळीपाळीने बघत राहिले.

मग मॅडमनी मला जे सांगितलं त्याने कुतूहल गेलं. जखम अजून कातडीत आहे, म्हणाल्या. ती हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेली तर मग पाय वाचवणं अवघड, आणि सशाला एका मागच्या टाचेवर ओझं पेलत नाही, दुसरीही जाते. मग त्याला दुःखात ठेवण्यापेक्षा सोडवावं लागतं.

आबांनी सरकीला टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि हळूच म्हणाले, "माय, जखम लाल शे, काळी पडेल नही. बठ्ठं बरं व्हई जाई." त्यांच्या अहिराणीत सांगत होते, काळी पडलेली नाही, सगळं बरं होईल.

फोनवर फक्त तोंड

तेजू रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. तिची परीक्षा मेच्या शेवटी सुरू होणार होती. मी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. यात विचार करण्यासारखं काही आहे असंही मला वाटलं नाही. आमच्या घरात हॉस्टेलवरच्या पोराला घरचं दुखणं कळवत नाहीत. माझा धाकटा भाऊ पुण्यात शिकत असताना वडिलांचं ऑपरेशन होऊन ते घरी आले, मगच त्याला कळवलं होतं, आणि तेव्हा सगळ्यांनी आमच्या आईचं कौतुक केलं होतं.

तर तेजूचा फोन आला की मी सरकीला कडेवर घ्यायची आणि तिचं तोंड मोबाइलसमोर धरायची. पट्टी बांधलेला पाय माझ्या पदराखाली. तेजू म्हणायची, बारीक दिसते. मी म्हणायची, उन्हाळा आहे. शनिवारी येऊन जाऊ का असं एकदा तिने विचारलं, तर मीच म्हटलं, एवढ्या उन्हाची येऊ नको, अभ्यास कर.

मी शिवलेला मोजा

दिवसाआड पट्टी बदलायची होती. जखम मॅडमनी दिलेल्या पाण्याने धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मलम, मग मऊ पट्टी, फार घट्ट नाही. सरकीने पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात पट्टी कुरतडून काढली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत.

आता बाई शिवणारी असेल तर ती काय करेल. मी तिच्या पायाचं माप घेतलं, कागदावर बेतलं आणि तेजूच्या जुन्या टी-शर्टचा एक छोटा मोजा शिवला. आत दोन थर, वर घोट्यापाशी बारीक इलॅस्टिक. इतकं सुबक बसलं की मी फोटो काढला. सरकीला तो काढता येईना. मी खूश झाले, दुसऱ्या पायालाही शिवला, आणि दिवसाआडऐवजी तीन दिवसांनी उघडला.

आत घाम होता. जखमेभोवतीची कातडी पांढरी, सुरकुतलेली, आपले हात फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी झाली होती. जखम हरभऱ्याची होती ती आता वालाएवढी. इलॅस्टिकच्या खाली पाय सुजला होता. आणि त्याच दुपारी सरकीने खाणं सोडलं. टोपलीत एक लेंडी नाही. सशाचं पोट थांबणं म्हणजे काय हे मॅडमनी बजावून सांगितलं होतं. दिवस गेला तर ससा जातो.

मी फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, पटापट सांगू लागल्या. मोजा काढून टाका, गवताचं बारीक पीठ करून पाण्यात कालवून सिरिंजने थोडं थोडं द्या, पोट हलक्या हाताने चोळा, आणि संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर तशाच निघा. ह्यांची पाइपच्या कारखान्यात दुसरी पाळी होती, घरात मी एकटी. चार तास मी ते करत बसले. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना दारातूनच परत पाठवलं. एकीचं लग्न तीन दिवसांवर होतं, ती चिडून गेली. सहाच्या सुमारास सरकीने स्वतःहून एक काडी चावली, आणि थोड्या वेळाने तीन लेंड्या टाकल्या. इतक्या आनंदाने मी कधी कोणाची लेंडी मोजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुळे. मॅडमनी मोजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, शिलाई उत्तम आहे. मग म्हणाल्या, "ताई, तुमचं कसब पायाला वापरू नका, जमिनीला वापरा."

जमीन शिवणे

एसटीत परत येताना मी याच एका वाक्याचा विचार करत होते. जमीन मऊ हवी आणि कोरडी हवी. पण जळगावचा उन्हाळा आहे, आणि सशाला उकाडा पायाच्या जखमेपेक्षा लवकर मारतो. गार ठेवायचं तर ओलं करायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं. ओलं न करता गार कसं करायचं?

ह्यांच्याशी माझं तोवर सरळ बोलणं बंद झालं होतं. सशापायी घरात जेवण वेळेवर नाही, गिऱ्हाइकं तुटतात, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, तुम्हीच तिचं नाव ठेवलं, आता निस्तरा. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तेच गोणपाट भिजवून त्यांनी खिडकीच्या गजांना बांधलं होतं. आत येणारा वारा त्यातून गार होऊन येत होता आणि फरशी कोरडी. पाणी खाली ठिबकू नये म्हणून खाली पत्र्याची पन्हाळीसुद्धा लावली होती. जन्मभर पाइप बनवणारा माणूस. मला इतके दिवस सुचलं नाही ते त्याला सुचलं, आणि मी तसं तोंडावर कबूल केलं. शिवाय पाण्याची बाटली फ्रीजमध्ये गोठवून, कापडात गुंडाळून तिच्याजवळ ठेवायला लागलो. तिला हवं तेव्हा ती पाठ टेकवायची.

जमिनीसाठी मी गोधड्या शिवल्या. जुन्या सुती साड्यांचे चार थर, टाके बारीक आणि आतल्या बाजूला, कारण बाहेर दोरा दिसला की ससा तो ओढून गिळतो. गोधडीवर वाळलेलं मऊ गवत. दोन गोधड्या रोज धुवायच्या. आमच्या उन्हाला मी जन्मभर शिव्या दिल्या, पण गच्चीवर टाकलेली गोधडी अर्ध्या तासात कडकडीत वाळायची.

नखं मॅडमनी कापली. वजनासाठी मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायची. दुकानदार नाना पिशवीत ससा घालून काट्यावर ठेवायला आधी तयार नव्हते, मग त्यांना स्वतःलाच त्याचा नाद लागला. दर सोमवारी विचारायचे, आज किती उतरली.

केळी

केळी बंद. हे मॅडमना म्हणायला सोपं होतं. माझा भाऊ सुरेश फणी घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, आता आणू नको, तिला चालत नाहीत. त्याच्या बागेतल्या केळ्याला नाही म्हणणं त्याला त्याच्या लेकराला नाही म्हटल्यासारखं लागतं. तो गावच्या बोलीत म्हणाला, "अक्का, तिले केयं नाई देनं म्हंजे उपाशी मारनं हाय." मी पाय दाखवला. त्याने पाहिलं, फणी उचलली आणि चहा न पिता गेला. पंधरा दिवस फोन नाही.

मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं. एका सशाच्या टाचेपायी नवरा तुटक बोलतो, भाऊ रुसतो आणि मुलीशी मी रोज खोटं बोलते. जखम तेव्हा पुन्हा हरभऱ्याएवढी झाली होती, तेवढंच काय ते बरं.

सुरेश सोळाव्या दिवशी आला. मोटारसायकलला मागे एक भारा बांधलेला. बांधावरचं हिरवं गवत, मुळं धुतलेली. मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं की त्या बांधावर फवारणी केलेली नाही. भारा दारात ठेवला आणि म्हणाला, "हे घे. याले तरी नाई म्हनू नको."

मी नाही म्हटलं नाही.

पिठावरचे ठसे

मेच्या मध्यापासून जखम हरभऱ्याची तूर झाली, तुरीचा मूग झाला. डाळींच्या गावात राहून दुसरं माप कशाला हवं. कॅलेंडरवर तारखेखाली मी तसंच लिहायची.

पण ती खरंच त्या पायावर ओझं टाकते की मला बरं वाटावं म्हणून मी तसं पाहते, हे मला कळेना. मग एकदा कोरड्या फरशीवर तांदळाची पिठी चाळणीने पातळ पसरली आणि सरकीला पलीकडून गवत दाखवलं. ती चालत आली. उजव्या पायाचा ठसा लांबट, टाचेपर्यंत. डाव्याचा फक्त पुढचा भाग. म्हणजे ती अजून डावी टाच टेकत नव्हती. दर दोन-तीन दिवसांनी मी पिठी पसरायची. ह्यांनी विचारलं, घरात गौरी येणार आहेत का. पण चौथ्या वेळी तेच माझ्याआधी वाकले आणि म्हणाले, इकडे बघ. डावा ठसा मागे लांबला होता. पूर्ण नाही, अर्धा बोटभर कमी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी पट्टी कायमची काढली. कातडी भरून आली होती, गुलाबी, जाडसर. तिथले केस बहुतेक परत येणार नाहीत, म्हणाल्या. म्हणून आता रोज पाय उलटा करून बघायचा, वजन बघायचं, नखं बघायची, जमीन कोरडी ठेवायची. आयुष्यभर. आबांनी तिच्या कानामागे खाजवलं. मी त्यांच्यासाठी एक सदरा शिवून नेला होता, अंदाजाने. खांद्यात नीट बसला.

तेजू

परीक्षा संपवून तेजू आली. बॅग टाकली आणि सरकीला उचललं. मी स्वयंपाकघरात होते. हे तेवढ्यात पाळीवरून आले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, पाहिलास का पाय, दोन महिने लागले.

पुढे जे झालं ते मी टाळू शकले असते, एप्रिलमध्येच. तेजूने टाच पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज चढवून म्हणाली, मी रोज फोन करत होते. मी रोज विचारत होते. मी फार्मसी शिकते आहे आई, मला काही विचारायचं सुचलं नाही तुला? मी म्हटलं, तुझी परीक्षा होती. ती म्हणाली, मग मी या घरची पाहुणी आहे का? माझाही आवाज चढला. दोन महिने कोणी काढले, चार तास सिरिंज घेऊन कोण बसलं होतं, तू? मला हे बोलायचं नव्हतं, पण बोलले.

तेवढ्यात धप्प असा आवाज झाला.

ससे घाबरले किंवा चिडले की मागचा पाय जमिनीवर आपटतात. सरकी तेजूच्या हातातून कधीच खाली उतरली होती आणि गोधडीच्या बाहेर, उघड्या फरशीवर उभी राहून आमच्यावर पाय आपटत होती. तिने पुन्हा आपटला. डावा. टाचेसकट, सगळा जोर लावून. दुखऱ्या पायाने हे कोणी करत नाही. त्या दोन महिन्यांत तिने एकदाही केलं नव्हतं.

मला हसू फुटलं आणि रडूही आलं. मी खाली बसले, तिला ओढून मांडीवर घेतलं. तेजूही खाली बसली. तिने सरकीची टाच अंगठ्याने हळूच दाबून पाहिली, मग म्हणाली, "आता सांग. पहिल्या दिवसापासून."

मी सगळं सांगितलं. गोणपाट, हळद, मोजा. त्या दुपारी, चार तासांत, मला सरकी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती सात वाजता तुझा फोन येईल याची होती, हेही सांगितलं. हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

तेजू बराच वेळ सरकीच्या कानांशी खेळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, फेब्रुवारीत मला टायफॉइड झाला होता. चार दिवस दवाखान्यात होते, सलाइनवर. तुझी लग्नसराई चालू होती."

तिच्या मनगटावर सुईची काही खूण नव्हती, तरी मी हात धरून पाहिला. मग सरकीला गोधडीवर ठेवलं, गॅस बंद करून आले आणि तिच्यासमोर बसले.

"आता तू सांग," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."